भांगलणीच्या पाटीत काय ठेवायचं, काय टाकायचं

आमच्याकडं खुरपणीला भांगलण म्हणतात. बायका ओळीनं बसतात, डाव्या हाताला उपटलेल्या तणाचा ढीग वाढत जातो आणि पदराच्या ओच्यात दुसराच ढीग जमत असतो. दिवस मावळताना पहिला ढीग बांधावर जातो, दुसरा चुलीवर. लग्न होऊन मोहोळ तालुक्यात सीनेकाठी आले तेव्हा हा दुसरा ढीग मला दिसतच नव्हता. मी सरसकट उपटायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून यायच्या, माझ्या ढिगातनं पानं वेचून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अगं, संध्याकाळचं कोरड्यास उपटून टाकतीस का?"

त्यांच्या मागं बसून जे शिकले आणि नंतर वाचून-विचारून जे पक्कं केलं, ते इथं क्रमानं देते. मी वैद्य नाही. भाजीचं मी ठामपणे सांगेन, औषधाचं मात्र हात राखून.

आधी शेत बघा, मग तण

लोक पहिल्यांदा "ही कुठली वनस्पती" असं विचारतात. पहिला प्रश्न "हे रान कुणाचं, आणि त्यात काय मारलंय" हा असायला हवा. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून आपल्याकडं ऊस वाढला, आणि उसात अ‍ॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, टू-फोर-डी ही तणनाशकं मारणं ही नेहमीची गोष्ट झाली. टू-फोर-डी मारलेल्या रानातलं रुंद पानाचं तण दोन-तीन दिवसांत पिळवटतं, देठ वाकडे होतात, शेंडा खाली वळतो. असं एक जरी रोप दिसलं तरी त्या रानातनं काही घेऊ नका, आणि पूर्ण हंगामभर घेऊ नका. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागेतली घोळ कितीही लुसलुशीत दिसली तरी तिला हात लावायचा नाही. तिथं वर झाडाला मारलेलं सगळं खाली तिच्यावरच गळतं.

सगळ्यात भरवशाचं रान म्हणजे जिरायत रब्बी ज्वारीचं. पावसानं साठलेल्या ओलीवर येणारं पीक, फवारणी कमी. तरीही २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आल्यापासून ज्वारीवर आणि मक्यावरही औषध मारतात, म्हणून मालकाला विचारायची लाज बाळगू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. उकिरड्याजवळचा आणि नुकताच युरिया टाकलेल्या रानातला तांदुळजा हिरवागार, पानं तळहाताएवढी असतो. तोच टाळायचा. माठाच्या जातीची झाडं जमिनीतलं जास्तीचं नत्र नायट्रेटच्या रूपात पानात-देठात साठवून ठेवतात. जनावरांनाही असा चारा पोटभर घातला तर बाधतो. हमरस्त्याच्या कडेचं आणि सांडपाण्याच्या नाल्याजवळचं तर सांगायलाच नको.

कधी खुडायचं

सोलापुरात पाऊस मृगात हूल देतो आणि खरा सप्टेंबरात पडतो. त्यामुळं आपल्याकडं तणाचे दोन बहर येतात. जून-जुलैच्या सरीवर घोळ, तांदुळजा, केना, कुर्डू, तरोटा. ज्वारी पेरल्यावर, दसऱ्यापासून संक्रांतीच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत, पाथरी, चाकवत, घोळीचा दुसरा फुटवा.

नियम एकच, आत्याबाईंचा: "फुलावर आलेली भाजी जनावरापुढं टाकायची." फूल आलं की पान चिवट आणि कडू होतं. खुडायचं ते सकाळी, दंव उतरल्यावर. बोटांनी शेंडा मोडला आणि 'कट्' असा आवाज आला तर कोवळा. दोरीसारखा ताणला गेला तर जून.

ओळखायचं कसं

फोटोवरनं भाजी खुडू नका. मोबाईलवरची अ‍ॅप नाव सुचवतात, पण जबाबदारी घेत नाहीत. मूळासकट पूर्ण रोप उपटा आणि भांगलायला जाणाऱ्या एखाद्या जुन्या बाईला दाखवा. मग चार गोष्टी स्वतः बघा: पानं देठावर समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, मोडल्यावर चीक येतो का आणि कुठल्या रंगाचा, पेराशी काटा आहे का, चुरगाळल्यावर वास कसला. एका हंगामात दोनच भाज्या शिका. नवीन भाजी पहिल्यांदा शिजवून दोन घास खा, दुसऱ्या दिवसापर्यंत काही त्रास नाही असं बघा, मग ताटभर.

"दूध निघालं की विषारी" असं बरेच जण सांगतात. तसं सरसकट नाही. पाथरी मोडली की पांढरं दूध येतं आणि ती आपण कच्ची खातो. उलट घोळ मोडल्यावर दूध आलं तर ती घोळ नाहीच.

घोळ

जाड, गुळगुळीत, तांबूस देठ, मांसल पान, फूल पिवळं. बारीक पानाची, जमिनीला चिकटून पसरणारी ती चिगळ. तीही खातात, चव जास्त आंबट. घोळीशी दोन तणांची गल्लत होते. एक नायटी-दुधीच्या जातीतली, लाल देठाची, पसरणारी, जिला मोडलं की पांढरा चीक येतो. दुसरा खापरा: पानं जाड असतात, पण जोडीतलं एक पान मोठं आणि एक लहान, आणि फूल पांढरट-गुलाबी, पानाच्या बगलेत बसलेलं. खापरा जास्त खाल्ला तर पोट बिघडतं, म्हणून आम्ही तो सोडूनच देतो.

भाजी करायची अशी. चार मुठी शेंडे घ्या. घोळीच्या बेचक्यात काळी माती घट्ट बसते, म्हणून एका पाण्यात भागत नाही. मोठ्या पातेल्यात बुडवून हलवा, भाजी वर उचलून घ्या, पाणी टाका. असं तीन वेळा. पाणी ओतून भाजी खाली ठेवली तर माती परत भाजीतच बसते, ही चूक मी वर्षभर केली. अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. तेलात जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग डाळ परतून घोळ टाका. पाणी घालू नका, तिचं तिलाच सुटतं. झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं. मीठ अगदी शेवटी आणि नेहमीच्या निम्मं, कारण घोळ मुळातच खारट-आंबट. वरनं शेंगदाण्याचा कूट. कूट घातला नाही तर ती सोलापुरात भाजी म्हणून कुणी वाढून घेणार नाही.

घोळीत ऑक्झॅलेट भरपूर. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं ती टाळावी. बाकीच्यांनी आठवड्यातनं एखाद-दोन वेळा.

पाथरी

माझ्या मते सोलापूरच्या शिवाराची खरी चव हीच. काळ्या रानात, ज्वारी गुडघ्याला आली की ताटांच्या मधे जमिनीला चिकटून पानांचं चक्र दिसतं. पान लांबट, कडा कातरलेल्या, कातरण्याच्या टोकाशी बारीक पांढरट दाते. पुढं मधनं दांडा निघून पिवळं फूल येतं. दांडा निघायच्या आत खुडायची.

पाथरी शिजवली की तिचं काहीतरी हरवतं. कच्चीच खायची, आणि कच्ची म्हणूनच धुण्यात हयगय नको. चक्र मुळापासनं कापून पानं सुटी करा, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग दोन चांगल्या पाण्यांत धुवा. शेळ्या-मेंढ्या बसवलेल्या किंवा ताजं शेणखत टाकलेल्या रानातली कच्ची खाऊ नका. मग गरम ज्वारीची भाकरी, त्यावर शेंगाची चटणी, तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि चार पानं पाथरीची. पहिला घास किंचित कडू लागतो, तिसऱ्याला कडूपणा विसरतो.

वेळ अमावस्येला रानात जेवायला बसलो की भज्जी-आंबील वाढेपर्यंत पोरं ज्वारीत शिरून पाथरी शोधतात. माझ्या मुलीला ती तशीच ओळखता यायला लागली, शिकवावी लागली नाही. दुभत्या म्हशीला पाथरी घातली की दूध वाढतं असं इकडं सगळे सांगतात. दूध मोजून मी कधी बघितलं नाही, पण म्हैस ती हावरटासारखी खाते हे खरं.

तांदुळजा आणि पावसाळ्यातली बाकीची मंडळी

तांदुळजा सगळ्यांना माहीत आहे, फक्त काटेमाठाशी गल्लत होते. पेराशी बोट फिरवा. टोचलं तर काटेमाठ. कोवळेपणी तोही खाता येतो, पण एवढा तांदुळजा असताना बोटं कशाला फोडून घ्यायची. तांदुळजा नुसत्या लसणावर परतायचा, यात डाळ-बेसन घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. बाळंतिणीला इकडं पहिल्या हिरव्या भाज्यांत हीच देतात.

केना निळ्या दोन पाकळ्यांच्या फुलानं ओळखू येतो. पानं बेसनात बुडवून भजी छान होतात. कितीही खुरपला तरी परत येतो, त्याचं कारण मजेशीर आहे: हा जमिनीखालीसुद्धा फुलं धरतो आणि तिथंच बी तयार करतो. वरचं रोप उपटलं तरी खालचं पेरलेलंच राहतं.

कुर्डूची पानं तुरा यायच्या आत घ्या, चिरून वाफवून पिळून मग फोडणीला टाका. तरोटाही तसाच, पण इथं नीट बघा. तरोट्याच्या एका पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याच्या घटना उत्तर प्रदेशात नोंदल्या गेल्या आहेत. दोन्ही झाडं एकाच पाणंदीला उगवतात, तेव्हा पोरांना शेंगा तोंडात घालू देऊ नका.

दगडी पाला, आघाडा, लव्हाळा

विळा लागला की बाया बांधावरचा दगडी पाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळतात. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी: उंच दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पाच-सहा पांढरट पाकळ्या. इतकं घरचं वाटणारं हे झाड मूळचं अमेरिकेतलं. रक्त थांबायला त्याचा उपयोग होतो असा सगळ्यांचा अनुभव. पण मातीनं भरलेला पाला मातीनं भरलेल्या हातानं लावू नका. आधी जखम वाहत्या पाण्यानं धुवा, पाला धुवा, मग रस. खरचटण्यापुरतंच हे. खोल जखम असेल, गंजका विळा असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जायचंच, पाला लावलाय म्हणून थांबायचं नाही.

आघाड्याचं बी साडीच्या काठाला उलटं चिकटतं, त्यावरनंच तो ओळखू येतो. गौरी-गणपतीच्या पत्रीत तो लागतो, ऋषिपंचमीला बाया त्याच्या काडीनं दात घासतात. काडी पेन्सिलीएवढी जाड, ताजी, टोक चावून कुंचा करायचा. गरोदर बाईनं आघाडा पोटात घेऊ नये, हे जुन्या बायाच बजावतात.

लव्हाळ्यानं शेतकऱ्याचा जीव खाल्लाय, पण त्याच्या गाठी मोथा म्हणून उटण्यात जातात. नवरात्राच्या सुमारास गाठी खणा, धुवा, बारीक मुळ्या पेटत्या काटकीवर झटपट जाळून घ्या, चार-पाच दिवस उन्हात खडखडीत वाळवा, कुटून वस्त्रगाळ करा. वासानं घर भरतं. कोळप्यानं या गाठी तुटतात आणि एकाच्या चार होतात, म्हणून उटण्यासाठी का होईना, खणूनच काढा.

माक्याचं तेल, नीट रीतीनं

माका कोरड्या रानात मिळत नाही. पाटाच्या कडेला, गळक्या व्हॉल्व्हपाशी, ओढ्यात शोधा. फूल पांढरं, बटणाएवढं, पान खरखरीत, पान चुरगाळलं की थोड्या वेळानं बोटं काळी पडतात. ही खूण पक्की.

पाव किलो पाला धुवा आणि सावलीत कापडावर पसरून वरचं पाणी पूर्ण सुकवा. पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाचं तेल लोखंडी कढईत घ्या, त्यात वाटण आणि पिळलेला रस दोन्ही घाला आणि मंद आचेवर ठेवा. घाई केली तर खालचं जळतं आणि वरचं कच्चं राहतं. तासभर तरी लागतो. चोथा आधी लगद्यासारखा, मग वाळूसारखा रवाळ होतो. आता कापसाची वात तेलात बुडवून पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अजून आटवा. आवाज न करता जळली की गॅस बंद. पुढं एक मिनिट जरी ठेवलं तरी करपट वास धरतो. कोमट असताना सुती कापडानं गाळा, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. बाटलीत पाण्याचा थेंब गेला तर तेल खराब होतं. केस काळे होतात का? माझे झाले नाहीत. डोकं शांत राहतं आणि कोंडा कमी झाला, एवढं मी सांगू शकते.

ज्यांना हात लावताना विचार करायचा

रथसप्तमीला डोक्यावर रुईची सात पानं ठेवून अंघोळ करतात. एका वर्षी मी पहाटे पानं तोडली आणि तसाच हात डोळ्याला लावला. आग झाली, धुतलं, थांबली. दुपारपर्यंत डाव्या डोळ्यानं सगळं धुक्यातनं बघितल्यासारखं दिसायला लागलं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून मी संध्याकाळपर्यंत घरीच बसले. ती चूक. रुईचा चीक डोळ्याच्या बुबुळाला सूज आणतो आणि दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. दुखऱ्या गुडघ्यावर तेल लावून रुईचं गरम पान बांधायची रीत आहे. बांधा, पण चीक पुसून, आणि कातडी लाल झाली की सोडा.

धोत्रा महादेवाला वाहायचा, बाकी कुठल्याही कारणानं तोंडात नाही, दम्यासाठी धूर घ्यायलाही नाही. पिवळ्या धोत्र्याचं वेगळंच. काटेरी, पांढऱ्या शिरांचं पान, मोडल्यावर पिवळा चीक, आणि बी थेट मोहरीसारखं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेल्यानं १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली आणि माणसं गेली. तेव्हा रानातनं मोहरी गोळा करून घरी घाण्याला देत असाल तर आधी शेतातनं पिवळा धोत्रा वेचून काढा.

गाजरगवताचा खाण्या-लावण्यासाठी काही उपयोग नाही. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता आपल्या प्रत्येक बांधावर आहे, आणि त्याच्या स्पर्शानं कातडीला खाज, चट्टे येतात. हातमोजे घालून फुलायच्या आत उपटा, खड्ड्यात शेणकाल्याचे थर देत कुजवा, तीन-चार महिन्यांत खत होतं. फुललेलं मात्र खड्ड्यात घालू नका, बी जिवंत राहतं.

टारफुला तर खताच्याही कामाचा नाही. ज्वारीच्या मुळावर जगतो. फुलं दिसायच्या आत उपटून जाळा.

फवारणीसाठी

न खाण्याजोग्या पाल्याचा एक चांगला उपयोग म्हणजे दशपर्णी अर्क. प्रचलित कृती अशी: २०० लिटर पाण्यात कडुनिंबाचा पाला ५ किलो, निर्गुडी, सीताफळ, रुई, करंज, एरंड, पपई, गुळवेल, कण्हेर, घाणेरी यांचा प्रत्येकी २ किलो, हिरव्या मिरचीचा ठेचा २ किलो, लसूण पाव किलो, शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर. सावलीत, झाकून, महिनाभर. दिवसातनं दोन-तीनदा काठीनं ढवळायचं. नंतर गाळून साधारण २०० लिटर पाण्याला अडीच लिटर. कण्हेर आणि घाणेरी विषारी आहेत, तेव्हा पिंप मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासनं लांब, आणि गाळायचं कापड परत स्वयंपाकघरात नको. हा अर्क मारलेल्या भाजीला आठवडाभर हात लावू नका.

पुढच्या वर्षासाठी

तणनाशकाच्या रानात पाथरी दोन-तीन वर्षांत दिसेनाशी होते. आम्ही विहिरीच्या कडेची पाच हात जागा भांगलत नाही. त्यात चार-पाच पाथऱ्या, एक घोळीचा पट्टा आणि माका असा सोडून देतो. पाथरीचं बी कापसासारख्या बोंडातनं वाऱ्यावर उडतं, म्हणून माघात बोंडं उमलायला लागली की सकाळी वारा सुटायच्या आत जाऊन कागदाच्या पिशवीत झटकून घ्यायची, चुलीच्या राखेत मिसळायची आणि मडक्यात ठेवायची. ज्वारी पेरून पहिली पालवी दिसली की ती राख दोन ओळींच्या मधे फेकायची. आत्याबाई गेल्या, ते मडकं आता माझ्याकडं आहे. यंदाच्या पावसानं त्याचं झाकण तडकलंय, बुरशी यायच्या आत बदलायला हवं.